सारखाच पाऊस, उलटा ऋतू: सेंद्रिय वाइन दक्षिण फ्रान्सच्या डोंगरात जमते, मग नाशिकला अवघड का?

दक्षिण फ्रान्समधल्या एखाद्या वाइनच्या बाटलीचं लेबल आठवून बघा. डोंगरउतारावरचं दगडी घर, त्याखाली कुटुंबाचं आडनाव आणि कोपऱ्यात हिरव्या पानाचा सेंद्रिय शिक्का. तिथल्या लांगदॉक भागात, सेवेन डोंगररांगांच्या पायथ्याला किंवा कॉर्बिएरच्या टेकड्यांवर अशा घरगुती बागा पुष्कळ आहेत. आईवडील बाग बघतात, मुलगा किंवा मुलगी तळघरात वाइन करते आणि बाटलीवर घरचंच नाव लागतं.

हे पाहिलं की आपल्याकडचे लोक विचारतात, नाशिकला एवढी द्राक्षं होतात, तर तिथे अशा घरगुती सेंद्रिय वाइनबागा गावोगाव का नाहीत? उत्तरही बहुतेक वेळा लगेच मिळतं: 'आपल्या शेतकऱ्याला फवारणीची सवय लागली आहे.' माझा पीएचडीचा विषय शेतीतल्या बुरशीनाशकांचा इतिहास असल्यामुळे हे वाक्य मी फार ऐकते. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केली आणि मग इतिहासाकडे वळले, त्यामुळे एक खोड लागली आहे. कुणी सवयीचं कारण सांगितलं की मी आधी पाऊस कधी पडतो ते बघते. या लेखात तेच करूया.

अमेरिकेहून आलेले तीन पाहुणे

आधी फ्रान्समध्ये काय झालं ते पाहू. युरोपातली द्राक्षवेल हजारो वर्षं फारशा औषधांशिवाय वाढत होती. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, अटलांटिकचा प्रवास लवकर होऊ लागला आणि बागांच्या हौसेपायी अमेरिकेतल्या जंगली द्राक्षांची रोपं युरोपात येऊ लागली. त्यांच्यासोबत तीन पाहुणे आले.

पहिली भुरी. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या वेलींवर पांढरी भुकटी दिसली. काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली. १८५४ साली फ्रान्समधलं वाइनचं उत्पादन नेहमीच्या साधारण एक चतुर्थांशावर आलं. त्यावर उपाय सापडला गंधकाचा. माँपेलिएच्या परिसरातल्या आंरी मारेस यांनी बारीक गंधकाची धुरळणी कधी आणि किती करायची हे प्रयोग करून दाखवलं आणि १८५०च्या दशकात ती पद्धत रूढ झाली.

दुसरा पाहुणा फायलोक्झेरा, म्हणजे मुळांतला रस शोषणारा एक सूक्ष्म किडा. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्होन नदीच्या खालच्या भागात वेली कारण न कळता वाळू लागल्या. लोक मेलेल्या वेली उपटून बघायचे, पण त्यांच्या मुळांवर काहीच सापडायचं नाही. जुलै १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशों आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेल्या वेलीच्या शेजारची, वरून धडधाकट दिसणारी वेल उपटली. तिच्या मुळांवर पिवळसर किड्यांचा थर होता. वेल मेली की किडा पुढच्या वेलीकडे निघून जायचा, म्हणून तो तोवर कुणाला दिसला नव्हता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगते, कारण नमुना कुठून घ्यायचा हे कळण्यातच अर्धं संशोधन असतं.

तिसरा पाहुणा डाऊनी. आपल्याकडचे जुने बागायतदार त्याला केवडा म्हणतात. फ्रान्समध्ये तो १८७८ मध्ये दिसला. त्यावरचा उपाय चोरांमुळे सापडला. बोर्दो भागातले काही बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे, म्हणजे येणाजाणारा घड तोडणार नाही. मियार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की रोगाने सगळी बाग झडली तरी रस्त्याकडेच्या या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आजही निफाडच्या किंवा तासगावच्या कृषी केंद्रात मोरचूद आणि कळीचा चुना मागितला की दुकानदार समजतो, डाऊनीची वेळ आली.

आता गंमत बघा. आजच्या सेंद्रिय द्राक्षशेतीचे दोन मुख्य आधार कोणते, तर गंधक आणि तांबं. म्हणजे सेंद्रिय बागेतही फवारणी असतेच. फक्त ती एकोणिसाव्या शतकातली, खनिजांची फवारणी असते. नंतरच्या काळात आलेली, वेलीच्या आत भिनणारी कृत्रिम बुरशीनाशकं तिथे चालत नाहीत. त्यामुळे सेंद्रिय शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न असा असतो: माझ्या हवामानात निव्वळ गंधक आणि तांब्यावर बाग तरेल का?

एका फवारणीचा हिशोब

तांब्याची अडचण अशी की ते कुजत नाही आणि उडूनही जात नाही. पानावरून धुपलं की मातीत जातं आणि तिथेच साठतं. प्रमाण वाढलं की गांडुळांना आणि मातीतल्या उपयोगी बुरशींना ते बाधतं. म्हणून युरोपीय संघाने तांब्यावर मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी जास्तीत जास्त २८ किलो शुद्ध तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो.

आता आपल्याकडचा हिशोब करू. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. मोरचुदाच्या वजनातला चौथा हिस्सा तांब्याचा असतो. पूर्ण पानोऱ्याच्या बागेला एकरी चारशे लिटर, म्हणजे हेक्टरी हजार लिटर पाणी धरलं, तर एका फवारणीत दहा किलो मोरचूद जातो. त्यातलं तांबं झालं अडीच किलो. म्हणजे एक टक्क्याच्या दोन फवारण्यांतच वर्षाची सरासरी ओलांडली जाते. तीव्रता निम्मी केली तरी तीन फवारण्यांनंतर जेमतेम पाव किलो शिल्लक राहतं.

म्हणून पाऊस महत्त्वाचा. डाऊनीसाठी जगभर एक ढोबळ आडाखा वापरतात, तीन दहांचा: तापमान दहा अंशांच्या वर, फूट दहा सेंटिमीटर लांब, आणि एक-दोन दिवसांत दहा मिलिमीटर पाऊस. तिन्ही जमलं की लागण सुरू होऊ शकते. शिवाय पाऊस पडला की पानावरचं तांबं धुऊन जातं आणि पुन्हा फवारावं लागतं.

पाऊस तेवढाच, पण कधी?

माझं गाव निडी. पेण सोडलं की कासू, नागोठणे आणि मग रोह्याच्या अलीकडचं स्टेशन ते निडी. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे पावसाळ्यात भात आणि त्यानंतर जमिनीतल्या ओलीवर वाल. इथे द्राक्ष का होत नाही हे वेगळं समजावायला नको, जूनपासून चार महिने पान कोरडं होतच नाही. पावसाळा संपला तरी खाडीकडची दमट हवा असतेच. सह्याद्री ओलांडून नाशिकच्या पठारावर चढलं की चित्र बदलतं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, हिवाळ्यात कोरडी थंडी आणि पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण लांगदॉकमधल्या माँपेलिएचा वार्षिक पाऊसही सहाशे ते सातशे मिलिमीटरच आहे. नाशिक आणि माँपेलिए, दोन्ही ठिकाणी वर्षभरात आभाळातून पडणारं पाणी जवळजवळ सारखं. मग एकीकडे सेंद्रिय सोपं आणि दुसरीकडे अवघड, असं का?

कारण पाऊस पडतो ते महिने उलटे आहेत. माँपेलिएला मुख्य पाऊस शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो. तेव्हा फळ निघालेलं असतं आणि पानं गळून वेल झोपी जाण्याच्या बेतात असते. ओल्या फांदीवर पानच नसेल तर डाऊनी लागणार कशाला? उन्हाळ्यात, म्हणजे वेलीच्या वाढीच्या ऐन दिवसांत, तिथे कोरडं असतं. जुलैमध्ये जेमतेम दोनेक सेंटिमीटर पाऊस. वर डोंगरांमधून घोंघावत येणारे मिस्त्राल आणि त्रामोंतान हे कोरडे वारे पानावरचं दव तासाभरात सुकवतात. उतारावर पाणी साचत नाही आणि हवा खेळती राहते. अशा ठिकाणी गंधकाच्या काही धुरळण्या आणि तांब्याच्या थोड्या हलक्या फवारण्या यांवर बरीच वर्षं निभावतं. वाईट वर्षं तिथेही येतात, पण ती अधूनमधून येतात.

नाशिकला सातशेपैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उत्तर गोलार्धातल्या वेलीचा वाढीचा आणि फळाचा काळही नेमका तोच. निसर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे वेल सोडली तर घड पावसात फुटतील आणि कुजतील.

वेलीचं कॅलेंडर फिरवणारी माणसं

इथे महाराष्ट्राच्या द्राक्ष इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्या बागायतदारांनी वेलीचं वर्षच फिरवून टाकलं.

उष्ण कटिबंधात वेलीला झोपवणारी थंडी नसते, त्यामुळे ती पानं न गाळता वाढतच राहते. याचा फायदा घेऊन इथे वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: सगळं कापून वेल जवळजवळ बोडकी करायची. त्यानंतर येणाऱ्या फुटीवर माल धरायचा नाही, काडी तयार करून घ्यायची. उन्हाच्या दिवसांत त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची निर्मिती होते. मग पावसाळा. तो सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला जुने लोक गोडी छाटणी म्हणतात. त्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीवर घड येतात, कोरड्या थंडीत ते भरतात आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये माल निघतो. फ्रान्समध्ये तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात चालते. म्हणजे तिथले लोक घड तोडत असतात तेव्हा आपल्याकडे छाटणीच्या कात्र्या चालू असतात.

दख्खनमधला हा धंदा जुना आहे. दौलताबादच्या द्राक्षांचं नाव मध्ययुगापासून आहे. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, हबशी या जाती आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होत्या. गणेशखिंडच्या बागेत काम करणारे उद्यानतज्ज्ञ चीमा यांच्या नावाने 'चीमा साहेबी' ही निवड ओळखली जाते. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ मध्ये बाग लावली आणि तिथून प्रसार झाला, असं सांगितलं जातं. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. पुढे थॉमसन सीडलेस आलं आणि त्यातूनच शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत निवड करून नव्या जाती काढल्या. बोरगावच्या वसंतराव आरवे यांची तास-ए-गणेश, नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका. ही माणसं विद्यापीठातली नव्हती. बागेत रोज फिरताना वेगळी दिसलेली एखादी काडी त्यांनी जपली आणि वाढवली.

पण कॅलेंडर फिरवण्याची किंमत असते आणि सेंद्रियचा प्रश्न नेमका तिथे अडतो.

पहिली किंमत: वेल चार महिने पावसात पानांसकट उभी असते. तेव्हा घड नसतात हे खरं, पण पानं गेली तर काडी पिकत नाही आणि पुढच्या हंगामाचा माल जातो. म्हणून फळ नसतानाही फवारणी करावी लागते. तांब्याचा कोटा तिथेच खर्च व्हायला लागतो.

दुसरी किंमत: ऑक्टोबरच्या छाटणीनंतर सगळे डोळे एकाच वेळी फुटायला हवेत. फ्रान्समध्ये हे काम हिवाळ्याची थंडी करते. आपल्याकडे ती पुरत नाही, म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, ज्याला शेतकरी 'पेस्टिंग' म्हणतात. सेंद्रिय नियमांत ते बसत नाही. ते वगळलं तर फूट मागेपुढे होते, घड एका वेळी पिकत नाहीत, आणि वाइनला तर सारखा पिकलेला माल लागतो.

तिसरी किंमत: वेल थकते. वर्षातून दोनदा कापली जाणारी, कधीही न झोपणारी वेल आपल्याकडे साधारण पंधरा वर्षांत उतरणीला लागते. लांगदॉकमध्ये पन्नास-साठ वर्षांच्या वेली ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. तिथे नातू आजोबांनी लावलेल्या वेलीची वाइन करतो. इथे मुलगा कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत बाग उपटून नवी लावायची वेळ आलेली असते. सेंद्रिय रूपांतराला बहुवार्षिक पिकात किमान तीन वर्षं लागतात. त्या काळात उत्पादन घटतं आणि मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. पन्नास वर्षांच्या वेलीत तीन वर्षं गेली तर सोसतं, पंधरा वर्षांच्या वेलीत तो आयुष्याचा पाचवा हिस्सा होतो.

आणि चौथी किंमत अवकाळीची. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडे जातील या भरवशावर हे सगळं गणित उभं आहे. २०१९ मध्ये तो भरवसा मोडला. परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला आणि नुकत्या छाटलेल्या बागांमध्ये कोवळ्या फुटींवर डाऊनी बसला. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, तो अशा आठवड्यात सेंद्रियचं पुस्तक उघडून बसणार नाही. मीही बसले नसते.

मुळं मात्र दोघांचीही अमेरिकेची

एका बाबतीत मात्र दोन्ही प्रदेश सख्खे शेजारी आहेत. फायलोक्झेरावर फ्रान्सला शेवटी उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन जंगली द्राक्षाचा खुंट या किड्याला दाद देत नाही, म्हणून मुळं अमेरिकेची आणि वरची वेल फ्रान्सची. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांनी या कामी जंगली जाती शोधून दिल्या. माँपेलिए हे खुंटांच्या संशोधनाचं केंद्र झालं.

त्याच टेक्सासमधल्या एका जंगली द्राक्षावरून आलेला 'डॉगरीज' खुंट आज सोलापूर, सांगली, नाशिक सगळीकडे आहे. पण आपण तो फायलोक्झेरासाठी घेतला नाही. १९९०च्या सुमारास विहिरी खोल गेल्या, पाणी खारट झालं, स्वतःच्या मुळांवरची थॉमसन पिवळी पडू लागली. डॉगरीज दुष्काळ आणि क्षार सोसतो, म्हणून तो आला. वाइनच्या बागांमध्ये '११० आर' हा फ्रेंच रोपवाटिकेत तयार झालेला खुंटही वापरतात. एकाच खंडातली मुळं, पण एकीकडे ती किड्यावर उपाय म्हणून आली आणि दुसरीकडे आटलेल्या विहिरींवर.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडचं एक सांगते. ठिबकच्या नळ्या पॉलिइथिलीनच्या असतात, आणि निडीच्या शेजारी नागोठण्याला जो मोठा पेट्रोकेमिकलचा कारखाना आहे तिथे पॉलिइथिलीनच तयार होतं. आमच्या मातीत द्राक्ष होत नसलं, तरी द्राक्षाच्या दुनियेशी आमचा संबंध असा लागतो.

कुटुंब आणि एकच गिऱ्हाईक

आता लेबलवरच्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ: कुटुंब. फ्रान्समधली घरगुती वाइनबाग अनादिकाळापासून तशीच चालत आली आहे असं लेबल पाहून वाटतं. तसं अजिबात नाही.

फायलोक्झेरानंतर लांगदॉकमध्ये डोंगर ओस पडले आणि सपाटीवर भरघोस पिकणाऱ्या जाती लागल्या. स्वस्त वाइनचा पूर आला, त्यात साखर-पाण्याच्या बनावट वाइनची आणि अल्जीरियातून येणाऱ्या मालाची भर पडली आणि भाव कोसळले. १९०७ मध्ये आर्जेलिए गावच्या मार्सेलाँ आल्बेर यांच्या मागे लाखो लोक रस्त्यावर उतरले. जूनमध्ये माँपेलिएत अफाट सभा झाली, नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. त्याच महिन्याच्या शेवटी बनावट वाइनविरुद्ध कायदा झाला.

एकेकट्या शेतकऱ्याकडे वाइन साठवायला टाक्याच नव्हत्या, त्यामुळे व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागे. यावर मारोसाँ गावच्या छोट्या शेतकऱ्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन सहकाराचा मार्ग धरला आणि पुढे सामाईक तळघर बांधलं. गावोगावी अशी सहकारी तळघरं उभी राहिली. आपल्याला हे सांगायला नको, लोणीला प्रवरानगरचा साखर कारखाना १९५०च्या सुमारास याच गरजेतून उभा राहिला. माल नाशवंत, यंत्र महाग, मग एकत्र या. आज डोंगरातली जी 'घरगुती बाग' आपण लेबलवर बघतो, त्यातली बरीच कुटुंबं दोन-तीन पिढ्या सहकारी तळघराला द्राक्षं घालत होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत त्यांची मुलं सोसायटीतून बाहेर पडली आणि स्वतःच्या नावाने बाटली भरू लागली. सहकाराने त्यांना दीर्घकाळ तगवलं, म्हणून स्वतःच्या पायावर उभं राहायला जमीन शिल्लक होती.

महाराष्ट्रात वाइनसाठी असं सहकारी जाळं विणलं गेलं नाही. एक तर इथे १९४९चा दारूबंदी कायदा. शेतकऱ्याला आपल्या बागेत ऊस गाळून गूळ करता येतो, पण द्राक्षाची वाइन परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे वाइन आली ती उद्योगाच्या रूपाने. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडाज सुरू केली, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बुडबुड्यांची वाइन केली. १९९०च्या दशकात राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. कुटुंबांनी उभ्या केलेल्या वायनऱ्याही आल्या. गुरनानी कुटुंबाची यॉर्क गंगापूर धरणाजवळ उभी राहिली, पुढे ती सुलाकडे गेली. अकलूजच्या फ्रातेल्लीत मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची, असे भावांचे तीन संच एकत्र आले. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊच.

पण धोरणाच्या भरात हजारो एकर वाइनद्राक्ष लागलं ते मुख्यतः कराराने, कंपन्यांना घालण्यासाठी. इथे एक बारकावा आहे. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा घेतो, निर्यात फसली तर देशी बाजार आहे, तेही नाही तर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष बारीक मण्याचं, बियांचं, जाड सालीचं. बाजारात ते कुणी घेत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला. इंडाज कर्जाखाली कोलमडली. अनेक शेतकऱ्यांनी ऐन भरातल्या वाइनबागा तोडून पुन्हा खाण्याचं द्राक्ष लावलं. ज्यांनी ती बाग तोडली त्यांना 'सेंद्रिय वाइनद्राक्ष लावा' असं सांगायला जाणाऱ्याने आधी खरेदीची लेखी हमी खिशात ठेवावी.

मग हे अशक्य आहे का?

तसं मी म्हणत नाही. दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत.

एक, वाइनद्राक्षाला मोठा, चकचकीत मणी नको असतो. खाण्याच्या द्राक्षाला मणी लांबवायला जिब्रेलिक आम्लाचं डिपिंग करतात, घड विरळ करतात, निर्यातीसाठी एकेका डागाची काळजी घेतात. हे सगळं वाइनद्राक्षात लागत नाही. म्हणजे सेंद्रियकडे जायचं झालं तर वाइनची बाग खाण्याच्या बागेपेक्षा दोन पावलं पुढूनच निघते.

दोन, आपल्या शेतकऱ्याकडे नोंदींची शिस्त आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, त्या हंगामात निर्यातदारांची आणि शेतकऱ्यांची कंबर मोडली. प्लॉटनिहाय नोंदणी, फवारणीची वही आणि तोडणीआधी प्रयोगशाळेची तपासणी हे सगळं आता अंगवळणी पडलं आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी, ट्रायकोडर्मा आणि बॅसिलससारखी जैविक औषधं, हवामानाच्या अंदाजावरून फवारणी ठरवणं, हे आज निफाडच्या बागायतदाराला नवं नाही. फवारणीची सवय लागलेला माणूस म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो, तो खरं तर प्रत्येक फवारणीचं कारण आणि तारीख लिहून ठेवणारा माणूस आहे.

अडतं ते पैशाच्या जोखमीपाशी. फ्रान्सच्या डोंगरात कोरडा उन्हाळा, जुनी वेल, सहकाराचा दीर्घकाळचा आधार आणि घरच्या घरी बाटली भरण्याचा हक्क, या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते सुंदर लेबल छापता आलं. नाशिकच्या एखाद्या कुटुंबाला आज हे करायचं असेल तर रूपांतराची तीन वर्षं आणि एखादा ओला ऑक्टोबर ते एकट्याच्या कर्जावर काढतील. ती जोखीम वायनरीने भाव बांधून, विम्याने नुकसान मोजून किंवा सहकाराने टाक्या उभारून वाटून घेतली, तर गोष्ट बदलते. यातलं काहीच नवं शोधायला लागत नाही. साखरेत आणि दुधात आपण ते केलेलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'तिकडे बघा सगळं सेंद्रिय, आणि आपले लोक बघा', तर त्यांना विचारा: तिकडे जुलैत पाऊस किती पडतो, वेल किती वर्षांची आहे, आणि रोग आला तर नुकसान कुणाच्या खात्यावर जातं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर शेतकऱ्याच्या सवयींबद्दल खुशाल बोला.

बोर्डो मिश्रण घरच्या घरी करताना आमची आजोबा मंडळी त्यात लोखंडी खिळा का बुडवून बघायची, यावर पुढच्या वेळी लिहीन. तुमच्याकडे कुणी तसं करत असेल तर जरूर कळवा. त्या खिळ्यावर लालसर थर चढायचा की नाही, तेही सांगा.